हौसेची गाडी, परगावचा मालक

दसऱ्याच्या सकाळी यवतमाळकडच्या घरांत अंगण सारवलं जातं, पायरीपुढे रांगोळी पडते आणि घरातली अवजारं धुऊनपुसून एका रांगेत मांडली जातात. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, लेकरांची सायकल. या रांगेच्या टोकाला पुष्कळ घरांत एक मोटारसायकल उभी दिसते. एरवी ती ताडपत्रीखाली असते; आज ताडपत्री काढलेली असते. टाकीवर हळदकुंकवाची बोटं उमटतात, हँडलवर झेंडूची माळ चढते, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. ते लिंबू चिरडायला गाडी हातभर पुढे घ्यावी लागते. चालवणारं कुणी घरी नसतं, म्हणून वडील सीटला धरून ती ढकलतात. चाक फिरतं, लिंबू फुटतं, पूजा होते. गाडी ज्याची, तो पुण्याला असतो, नाहीतर हैदराबादला. त्याला फोटो पाठवला जातो. दुपारी ताडपत्री पुन्हा ओढली जाते, माळेसकट. दिवाळी येऊन जाते, कापसाचा दुसरा वेचा घरी येतो, आणि वाऱ्याने ताडपत्रीचं टोक उचललं की आतली फुलं दिसतात, तपकिरी पडलेली, हात लावला तर भुगा होणारी. खाली नंबरप्लेटवर एमएच-२९ एवढं मात्र अजून ठसठशीत वाचता येतं.

ही गाडी कामाची नव्हे. दूध, खत, सरकीच्या ढेपेचं पोतं यांसाठी घरात दुसरी शंभर सीसीची जुनी गाडी असते, ती रोज चालते. ही हौसेची. पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ते बांधून घेतलेली, किंवा एका बऱ्या वर्षी कापसाला भाव लागला म्हणून वडिलांनी घेऊन दिलेली. तिच्यावर बसून मित्र-मित्र आर्णीवरून माहूरगडावर गेले, पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा पाहून आले, टिपेश्वरच्या बाजूला सागाच्या जंगलातून सावकाश फिरले. जगात इतरत्र लोक हौसेपायी चाकांवरचं अख्खं घर बाळगतात. त्यात चूल असते, पलंग असतो, खिडकीला पडदे असतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅनच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केलं. यवतमाळ जिल्ह्यातली हौस बहुतेक करून दोन चाकांवर मावते. पण प्रश्न त्या मोठ्या गाड्यांचा आणि या गाडीचा एकच आहे. मालक एका गावी, गाडी दुसऱ्या गावी, आणि आता ती विकायची आहे. हे दूर बसून उरकता येतं, असं आज बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. दूर बसून पैसे घेता येतात, गाडी सोडता येत नाही. ती सोडायला एकदा तरी तिच्याजवळ यावं लागतं आणि घेणाऱ्याच्या समोर उभं राहावं लागतं. याची कारणं भावनेची कमी आणि व्यवहाराची जास्त आहेत.

हौसेचं वाहन आपल्याकडे नवं नाही. वऱ्हाडात ओझ्याच्या बैलगाडीला बंडी म्हणतात. पण ज्याच्या घरी चार पैसे जास्त, त्याच्याकडे बंडीखेरीज एखादी दमणी असायची, नाहीतर एकदोन माणसांपुरती रेंगी. दमणी हलक्या बांध्याची, वर आच्छादनाची, आत गादी घातलेली. तिला जुंपायचे बैलही निवडक, गळ्यात घुंगूरमाळा बांधलेले. लेकीला माहेरी आणायचं, लग्नाला जायचं, जत्रेला जायचं, तर दमणी निघायची. तिच्यात कुणी शेणखत भरत नसे. मग एसटी आली, जीप आली, आणि दमणी गोठ्याच्या कडेला सरकली. आजोबांची म्हणून ती कुणी विकली नाही, आणि आजोबांची म्हणून कुणी जुंपलीही नाही. वाळवीने जू खाल्लं, चाकांचे आरे ढिले झाले, लोखंडी धावा भंगारात गेल्या. आज महामार्गावरच्या ढाब्यांच्या दारात बैलगाडीची चाकं भिंतीला टेकवलेली दिसतात, वरून वॉर्निश मारलेलं. त्यातलं एखादं कुणाच्या तरी दमणीचं असणार. जी दमणी बैल होते तेव्हाच दुसऱ्याच्या दारी गेली, तिने निदान आणखी काही लेकी माहेरी आणल्या असतील. हौसेच्या वस्तूला कामाच्या वस्तूसारखा दुसरा आधार नसतो. नांगर मोडला तरी दुरुस्त करावाच लागतो, कारण शेत थांबत नाही. हौसेची गाडी थांबली तर कुणाचंच काही अडत नाही, आणि म्हणून ती थांबूनच राहते.

उभी गाडी आहे तशी टिकते, हा समज मे महिन्यात एकदा ताडपत्री उचलून पाहिली तर राहत नाही. यवतमाळचा उन्हाळा पारा ४४-४५ अंशांवर नेतो. ताडपत्रीखाली उष्मा कोंडतो. टायरच्या कडांना केसासारख्या चिरा पडतात, जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो, तो बारीक जेट बुजवतो. बॅटरी तर काही महिन्यांतच बसते. पाऊस लागला की अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून गंज धरतो. सीटच्या फोममध्ये उंदीर घर करतात आणि वायरीही कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते. हे सगळं घडत असताना मीटरवरचा आकडा हलत नाही, आणि दूरच्या मालकाला वाटत राहतं की गाडी अकरा हजार किलोमीटरच चालली आहे, म्हणजे नवीच आहे. त्याच्या मनातली किंमत त्या आकड्याला बांधलेली असते. घेणाऱ्याच्या मनातली किंमत टायरला, बॅटरीला आणि कितव्या किकला इंजिन बोलतं याला बांधलेली असते. या दोन किमतींमधलं अंतर बोलून मिटत नाही, पाहून मिटतं. मालकाने स्वतः किक मारली, आठव्या किकला गाडी धडधडली, सायलेन्सरमधून आधी काळा नि मग निळसर धूर आला, की आपण मागत होतो तो भाव दोन वर्षांपूर्वीच्या गाडीचा होता, हे त्याचं त्यालाच कळतं. फोनवर ते कळत नाही. फोनवर गाडी नेहमी शेवटची पाहिली तशीच असते.

आपल्या भागाला विकणं-घेणं शिकवलं ते बैलबाजाराने. वणीला रंगनाथस्वामींच्या यात्रेत बैलांचा मोठा बाजार भरत आला आहे, आणि आठवडी बाजारांतूनही जनावरांची एक बाजू असतेच. तिथे घेणारा आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहतो. अदात आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला. मग खूर, मग खांदा, मग चार पावलं चालवून पाहणं. दलाल मध्ये येतो, रुमालाखाली दोन हात जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. हे सगळं मालकासमोर होतं. कासरा धरून उभा असलेला माणूस मालक नसेल, तर पहिला प्रश्न त्याबद्दलच येतो. सौदा ठरला की बाजाराची पावती फाटते. तिच्यावर विकणारा, घेणारा, जनावराचं वर्णन आणि किंमत. त्या कागदासरशी, त्याच दिवशी, त्याच मैदानात बैल एका घरचा दुसऱ्या घरचा होतो. पुष्कळ घरांत जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं, जुनं दावं मालक घरी नेतो. त्यात श्रद्धा आहे, आणि व्यवहाराची एक स्वच्छ रेघही आहे. दावं सुटलं, बैल गेला. संध्याकाळी त्याने कुणाला शिंग मारलं, तर जुन्या मालकाच्या दारी कुणी येत नाही. मोटारसायकलीच्या विक्रीत ही रेघच पुसली गेली. चावी गेली, पैसे आले, गाडी डोळ्यांआड झाली, तरी दाव्याचं टोक वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या हाताला बांधलेलं राहतं. ते दिसत नाही एवढंच.

दूरच्या विक्रीत खरं विकतो कोण, तेही पाहायला हवं. पुण्याचा मुलगा रविवारी मोबाइलवर जाहिरात टाकतो. सिंगल हँड, कंडिशन चांगली, कागदपत्रं क्लिअर. लोक मात्र येतात यवतमाळच्या घरी, आणि दार वडील उघडतात.

"गाडी कोनाची हाय जी काका?"

"पोराची."

"मंग तो कोठी हाय?"

"पुन्याले."

"मंग इकता कायले?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं नसतं. पोरगा आता इकडे राहायला येणार नाही, हे त्या उत्तरात येतं, आणि ते अनोळखी माणसाला अंगणात उभं राहून सांगायचं असतं. क्लच प्लेट कधी बदलली, गाडी पडली होती का, इंजिन खोललं होतं का, यातलं वडिलांना काही ठाऊक नसतं. चालवून पाहू का, असं विचारल्यावर हो म्हणायचं धाडस होत नाही आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं. भाव पाडून मागतात तेव्हा ऐकून घेणारेही तेच. मग कागदांची वेळ येते. चॅसी नंबरचा ट्रेस काढायचा असतो. बुलेटसारख्या गाडीचा हा नंबर हँडलखालच्या पाइपावर कोरलेला असतो, आणि उभ्या गाडीत त्यावर धूळ नि ग्रीस यांचं किटण बसलेलं असतं. पेट्रोलच्या बोळ्याने ते पुसायचं, वर पातळ कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी घासत न्यायची, म्हणजे काळ्यात पांढरे आकडे उमटतात. पाइप गोल असल्याने कागद सरकतो. एखादा आकडा फुटतो. पुन्हा नवा कागद. सही पुण्याहून कुरिअरने येते, ट्रेस यवतमाळात निघतो. सत्तरीकडे झुकलेला माणूस गाडीपुढे उकिडवा बसून, मान वाकडी करून मुलाच्या गाडीचा नंबर कागदावर उतरवून घेतो आहे, यात मला दूरच्या विक्रीचं सगळं ओझं दिसतं. विकण्याचे कष्ट अंतराने कमी होत नाहीत. ते घरी राहिलेल्याच्या अंगावर जातात, आणि घरी राहिलेल्याच्या अंगावर आधीच पुष्कळ काही टाकलेलं असतं.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५०व्या कलमाप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३०. बोलण्यात सगळे त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. कायदा विकणाऱ्यावर स्वतंत्र कर्तव्य टाकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. चालरीत अशी की विकणारा कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करतो, घेणाऱ्याच्या नावाची आणि तारखेची जागा रिकामी सोडतो आणि "नावावर मी करून घेतो" या शब्दावर पाकीट पाठवून देतो. घेणारा स्वतः चालवणारा असेल तर कधी ना कधी तो करतोही. पुढे विकणारा असेल तर करत नाही, कारण प्रत्येक नावाला खर्च आहे आणि आरसीवर एकच मालक दिसला तर भाव बरा येतो. गाडी पुसदला जाते, तिथून उमरखेडला, तिथून पैनगंगा ओलांडून तेलंगणातही जाते, आणि प्रत्येक मुक्कामी तिच्या कागदावर नाव पुण्याच्या मुलाचंच असतं. असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा निकाल लागला. २००७ मध्ये विकलेली एक मोटार हातोहात पुढे गेली होती, नोंदणीत नाव पहिल्या मालकाचंच राहिलं होतं, आणि २००९ मधल्या अपघातात एक जीव गेला. न्यायालयाने सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्यामागचं कारण मला अतिशय माणुसकीचं वाटतं. ज्याच्या घरात माणूस गेलं त्याने एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे माग काढत हिंडावं, ही अपेक्षा कायद्याला ठेवता येत नाही. इथे आणखी एक गोष्ट जोडून पाहावी. ताडपत्रीखालच्या गाडीचा विमा बहुधा संपलेला असतो, कारण न चालणाऱ्या गाडीचा हप्ता कोण भरेल? अशी गाडी कोऱ्या सहीवर बाहेर पडली आणि आर्णी रोडवर कुणाला लागली, तर विमा कंपनीही मध्ये उभी राहत नाही. ज्याने तीन वर्षांपूर्वी गाडी विकली असं तो समजून चालला आहे, त्याच्या पगारावर ते येतं.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खोटा नाही. पुण्याहून यवतमाळ साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. ट्रॅव्हल्सची एक रात्र जायला, एक यायला; सणासुदीला भाडं दुप्पट होतं; शिवाय रजा. रेल्वेने यायचं तर धामणगाव किंवा वर्ध्याला उतरून पुढे बसने. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, तेवढाच दिलासा. ज्या गाडीचे चाळीस हजार यायचे, तिच्यासाठी तीन दिवस आणि चार हजार का घालायचे, असं कुणीही विचारील. पण हा हिशेब एकाच बाजूचा आहे. मालक समोर नाही म्हणून घेणारा जो भाव पाडतो, तो या चार हजारांपेक्षा थोडा नसतो. घेणाऱ्याला दिसतं की इथे नकार देणारा माणूस नाही. वडील फोन करून विचारतात, पलीकडून "बघा तुम्हीच, द्या आता" असं येतं, आणि सौदा तिथेच हरतो. ऑस्ट्रेलियात भटकंतीला जाणारी तरुण मंडळी जुनी व्हॅन घेतात, देशभर फिरतात आणि परतीचं विमान पकडण्याआधी ती विकतात. तिथे विमानाची तारीख जवळ आली की भाव घसरतो, हे घेणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. त्याच बाजारात आणखी एक गोष्ट दिसते. पश्चिम ऑस्ट्रेलियाची नोंदणी असलेल्या व्हॅनला जास्त पसंती असते, कारण तिचं नाव बदलायला त्या राज्यात परत जावं लागत नाही. म्हणजे व्हॅन तीच, चाकं तीच, पण नाव सहज बदलतं म्हणून तिला गिऱ्हाईक आधी मिळतं. नाव बदलण्याची खात्री ही गाडीचाच एक भाग आहे, टायरइतकाच. यवतमाळच्या अंगणात उभ्या गाडीला ही खात्री मालकाच्या हजेरीने मिळते. तो दोन दिवस घरी आहे, सोबत आरटीओत येणार आहे, हे कळल्यावर घेणारा दुसऱ्या भाषेत बोलतो.

दुसरा आक्षेप असा की आता सगळं ऑनलाइन झालं आहे. परिवहन खात्याच्या पोर्टलवर अर्ज होतो, आधारवरून ओळख पटते, फी मोबाइलवरून भरता येते. ही सोय मोठी आहे आणि ती वाढायला हवी. कॅलिफोर्नियात गाडी विकली की विकणाऱ्याने ५ दिवसांच्या आत एक सूचना भरून द्यायची असते, आणि नीट भरलेल्या त्या सूचनेने पुढच्या अपघाताच्या, पार्किंगच्या दंडाच्या जबाबदारीतून तो सुटतो. घेणारा नावावर कधी करतो याची त्याला वाट पाहावी लागत नाही. अशी तरतूद आपल्याकडे आली तर दूर असणाऱ्या लाखो लोकांचं भलं होईल, आणि तशी मागणी आपण करायला हवी. ती येईपर्यंत आपल्याला सध्याच्याच व्यवस्थेतून जायचं आहे. इथे ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर जातो, आणि जुन्या गाडीला नोंदलेला नंबर कित्येकदा बंद पडलेला असतो, किंवा खरेदीच्या वेळी दुसऱ्याच कुणाचा टाकलेला असतो. कर्जाचे हप्ते फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे एचपी, तसाच असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवल्याशिवाय नावावर करण्याचं काम पुढे सरकत नाही, आणि प्लेट गाडीवरच बसते, फोनवर बसत नाही. यातली प्रत्येक गाठ सुटते. पण ती सोडवायला मालक, गाडी आणि कागद एका ठिकाणी यावे लागतात.

मग गाडी एखाद्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं का होऊ नये? हाही विचार करण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नवे नियम लागू झाले. त्यात अशा व्यापाऱ्याने नोंदणी करून प्राधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेतल्याची सूचना ऑनलाइन द्यायची, आणि त्या काळापुरता तोच गाडीचा मानीव मालक ठरायचा, अशी सोय आहे. असा अधिकृत व्यापारी जवळ असेल तर भाव थोडा कमी घेऊनही गाडी जरूर त्याला द्यावी, फक्त सूचना दाखल झाल्याची पावती हातात घेऊनच चावी द्यावी. चौकातल्या ओळखीच्या माणसाला, "आपलाच आहे" म्हणून, कोऱ्या सह्यांवर गाडी देणं ही वेगळी गोष्ट. तो माणूस खरोखर आपला असेल, पण त्याच्याकडून नेणारा चौथा माणूस आपला असेल याची हमी तोही देऊ शकत नाही. आणि जो न पाहताच पुरी किंमत कबूल करतो, स्वतःला कुठल्यातरी लांबच्या छावणीतला जवान म्हणवतो आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो, त्याच्यापासून घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सावध करून ठेवावं. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. एवढं एक वाक्य वडिलांच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावं.

सगळ्यात अवघड आक्षेप या सगळ्याच्या पलीकडचा आहे. विकायचीच कशाला? राहू दे अंगणात. ती आहे तोवर पोरगा येणार, असं आईला वाटतं. आणि पोरालाही पुण्याच्या भाड्याच्या खोलीत असं वाटत असतं की गावी आपली गाडी आहे. हे मी हलकं मानत नाही. पण याच यवतमाळात दूरच्या मालकीचं एक मोठं उदाहरण शंभर वर्षं डोळ्यांसमोर होतं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला, अरुंद रुळांची सुमारे ११३ किलोमीटरची गाडी, इंग्रजांच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठी आली. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. मग डिझेलचं आलं. रुळांची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली, आणि गाडी चालवायची सरकारी रेल्वेने. मालक लांब, चालवणारा दुसरा, आणि रुळांची काळजी नक्की कुणी घ्यायची याची ओढाताण. लोकांनी त्या गाडीवर अतोनात प्रेम केलं. लग्नाची वऱ्हाडं तिने गेली, गरिबाला एसटीचं भाडं परवडत नव्हतं तेव्हा तिने नेलं. प्रेमाला काही कमी नव्हतं. तरी रूळ झिजले, वेग घटला आणि अखेर ती थांबली. आज स्टेशनांच्या आवारात गवत वाढलं आहे. वाहनाला जवळचा मालक लागतो, जो रोज सकाळी त्याच्याकडे पाहतो. अंगणातल्या गाडीवर आईचं प्रेम आहे, पण आईला तिचा चोक कुठे असतो हे माहीत नाही. घाटंजीच्या किंवा दारव्ह्याच्या एखाद्या पोराला ती मिळाली, तर तो पहिल्याच आठवड्यात टायर बदलील, कार्ब्युरेटर साफ करून घेईल आणि कळंबच्या चिंतामणीला जाऊन येईल. गाडीची माया असेल तर तिला चालवणारं माणूस द्यावं. आणि आईला पोरगा येण्याची खूण हवी असेल, तर ती पोराने स्वतःच व्हावं. ते काम गंजत्या लोखंडावर सोडू नये.

म्हणून ज्यांच्या गाड्या यवतमाळला, पुसदला, वणीला, पांढरकवड्याला ताडपत्रीखाली उभ्या आहेत, त्यांना एक सांगणं आहे. येत्या दिवाळीला याल तेव्हा दोन दिवस जास्तीचे घेऊन या. पहिल्या दिवशी ताडपत्री काढा, वाळलेली माळ काढा, बॅटरी चार्जिंगला द्या, मेस्त्रीला घरी बोलवा आणि चॅसी नंबरचा ट्रेस स्वतः काढा. संध्याकाळी वडिलांना मागे बसवून गावाबाहेर एक चक्कर मारून आणा. त्यांनी ती आजवर ढकललीच आहे. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याला समोर बसवून टीटी फॉर्मवर त्याचं नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहूनच सही करा, त्याच्या आधारची प्रत घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्यांची पावती करा, त्याच्यासोबत आरटीओत जा, आणि मगच दोन्ही चाव्या त्याच्या हातात द्या. पुण्याला परतल्यावर महिनाभराने पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहा. तिथे दुसऱ्याचं नाव दिसलं, की त्या दिवशी तुमची गाडी विकली गेली.